आखाजीला केलेली सही

बोलण्याआधी आप्पा चिमूट चोळायचे. अंगठा आणि बोट एकमेकांवर दोन-तीनदा फिरायचं, मगच तोंड उघडायचं. सुरतेच्या गोडादऱ्यात कधी राहिला असाल, तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लूमवरचा एक बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला की नव्या बीमचे हजारो तार एकेक करून जुन्या तारांना पिळायचे, हे त्यांचं जन्माचं काम. जेवताना, बसमध्ये, देवळातसुद्धा त्यांची चिमूट चालूच असे.

मी त्यांचा शेजारी. मराठी शाळेत शिकवतो, म्हणून गल्लीतले सगळे लखोटे वाचायला माझ्याकडे येतात. आप्पांचा आला तो कोर्टाचा. बायकोच्या आजारपणात त्यांनी क्रेडिट कार्डावर चाळीस हजार उचलले होते. बायको गेली, पैसे राहिले. त्याला नऊ वर्षं होऊन गेली आणि आता बँकेचा व्याजासकट पावणेदोन लाखांचा दावा लागला होता. उत्तर द्यायला महिन्याची मुदत होती.

“लेयेल शे ना, सर,” आप्पा म्हणाले. “मंग नही कशे म्हनू?”

घेतलंय, तर नाही कसं म्हणू, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाण्याकडून घेतलेल्या काडेपेटीपासून कोर्टाच्या दाव्यापर्यंत सगळीकडे तेच.

दुसरं वाक्य गावाचं. “औंदा आखाजीले गावले जासू. मंग येवाव नही.” अमळनेरजवळ त्यांची एक खोली होती, जवळच्या गावात मुलगी दिलेली होती. अक्षय तृतीयेला जायचं आणि लूमला कायमचा रामराम ठोकायचा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. हा दावा मिटला नाही, तर तीही राहणार होती.

मी त्यांना कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे नेलं. कागद चाळून त्या हसल्या. इतकं जुनं देणं. तीन वर्षांत दावा लावायला हवा होता. तेवढं उत्तरात लिहिलं की सुटले. मला हायसं वाटलं. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं.

“काका, आ सही तमारी छे?”

आप्पांची चिमूट फिरू लागली. गेल्या आखाजीला एक वसुलीवाला आला होता. आमच्याच खानदेशातला, अहिराणी बोलणारा. आप्पांनी त्याला पाटावर बसवून पुरणपोळी आणि आमरस वाढला. त्यानं जेवून हात धुतले आणि ‘हे देणं मी देईन’ असा इंग्रजी कागद पुढे केला.

“आखाजीना दिन दारवर उनेल मानूस,” आप्पा म्हणाले. “त्याले नही कशे म्हनू?”

त्यांचे वडील सालदार होते. सालाचं सगळं देणं-घेणं आखाजीला बोलून मोकळं करायचं, ही घरातली रीत. त्या रीतीनं केलेल्या एका सहीनं, मुदत संपून मेलेलं देणं पुन्हा उठून बसलं होतं.

बाईंनी अजून एक वाट काढली. काकांना इंग्रजी येत नाही, काय लिहिलंय ते कळलंच नाही, असं लिहू.

“त्यानी वाचीसनी सांगेल व्हतं. माले समजेल व्हतं.”

मी भर कोर्टाच्या आवारात त्यांच्यावर ओरडलो. “आप्पा, हरिश्चंद्राचे अवतार आहात का? गावाला जायचंय की नाही?” ते चिमूट चोळत उभे राहिले. त्या दिवशीचं माझं ओरडणं मला अजून छळतं.

शेवटी खरं तेच लिहिलं. पैसे घेतले, सही माझी, समजून केली. व्याज मात्र झेपत नाही. बाईंनी भांडून आकडा निम्म्यावर आणला आणि कोर्टानं चोवीस हप्ते बांधून दिले. आप्पा पुन्हा लूमवर. दर महिन्याला ते माझ्याबरोबर बँकेत यायचे, हप्ता भरायचे, आणि परतताना विचारायचे, “कितला ऱ्हायनात, सर?” पुढेपुढे त्यांना जिना चढताना दोनदा बसावं लागे.

दोन हप्ते उरले असताना ते गेले. आखाजीला महिना होता.

दिवसपाणी झाल्यावर मुलगी खोली रिकामी करायला आली. पेटीत लुगड्यात गुंडाळलेल्या बावीस पावत्या निघाल्या. मी वकीलबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून जरा समाधानानंच तिला सांगितलं, “ताई, उरलेले दोन हप्ते तुला कुणी मागणार नाही. गेलेल्या माणसाचं देणं त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतूनच वसूल होतं. आणि गावची ती खोलीसुद्धा त्यांनी कधीच तुझ्या नावावर केलेली आहे.”

तिनं पावत्या दोनदा मोजल्या.

“सर,” ती म्हणाली, “बँक कोनती बाजूले शे?”

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघालो.