मऊकेशी उंदरांचं माहेरपण

हातमोजा काढून मी पहिल्यांदा तिच्या पाठीवर बोट टेकवलं आणि दचकलेच! इतका मऊ स्पर्श, आणि तोही उंदराचा? धुरकट तपकिरी रंग, काळेभोर सावध डोळे आणि बोट बुडून जावं अशी रेशमी लव. मिरजेच्या आमच्या प्राणिगृहात पांढरे उंदीर नि ससे सांभाळण्यात माझी वीस वर्षं सरली. पण आफ्रिकेतल्या कुळाचे हे मऊकेशी उंदीर प्रथमच आले होते, एक नर आणि चार माद्या. हत्तीरोगाच्या जंतावर औषध शोधायचं, तर तो जंत ज्याच्या अंगात तग धरतो असा प्राणी हवा, म्हणून आमच्या डॉक्टरबाईंनी ते दूरच्या एका प्रयोगशाळेतून आणवले होते. आल्या दिवशीच त्यांनी बजावलं की दिवाळीपर्यंत यांची पिल्लं जगली नाहीत, तर हे पाचही संपवायचे आणि खोली सशांना द्यायची. संपवायचे! किती सहज उच्चारतो आम्ही हा शब्द!

त्यांतली एक अंगानं थोराड होती, तिला मी थोरली म्हणायची. महिन्याभरात थोरलीचं पोट दिसू लागलं. तिच्या दोन्ही कुशींवर स्तनांच्या लांबच लांब ओळी होत्या. एवढी स्तनसंपदा मी दुसऱ्या कुठल्याच उंदरात पाहिली नव्हती. निसर्गानं जिला मातृत्वासाठी इतकं सिद्ध करून धाडलं, तिच्यासाठी आपण काय करावं? मी मूळची आष्ट्याची. आमच्याकडे पहिलटकरीण सासरच्या गर्दीत राहत नाही. तिला माहेरी आणतात, निवांत खोली देतात, पायाखाली काही येऊ देत नाहीत. माझ्या वेळी आईनं खोली धुऊन पुसून लख्ख केली होती, नवी कोरी गोधडी अंथरली होती आणि शेजारणींनाही उंबऱ्याबाहेर थोपवलं होतं. ते सुख माझ्या अंगात इतकं मुरलेलं, की उंदरीलाही तेच हवं असणार याबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही.

प्राणिगृहात माझ्या जोडीला बिरूअण्णा आहेत. जतकडचे, बापजाद्यांपासून मेंढरं राखलेल्या घरातले. मी थोरलीसाठी वेगळा पिंजरा साबणानं घासायला घेतला तेव्हा ते पाठीशी येऊन म्हणाले, “आवं ताई, तिला हितनं हलवू नगासा. मेंढरू कळपातच वितंया. येगळं काढलं की बिथरतंया.” मी हसले! अहो, मेंढरं ती मेंढरं, हे प्रयोगशाळेतलं काम, असं काहीबाही बोलूनही गेले. मला आज त्याची लाज वाटते. पिंजरा कडक उन्हात वाळवला, कोरं तूस पसरलं, कापूस ठेवला, भिजवलेले हरभरे ठेवले आणि थोरलीला तिच्या कळपातून उचलून त्या एकांत कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

पाचव्या दिवशी सकाळी कापसात गुलाबी जीव वळवळताना दिसले. नऊ होते. मी डॉक्टरबाईंना फोन केला, पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. दुसऱ्या दिवशी झाकण उचललं आणि माझ्या तोंडून किंकाळीच फुटली! नवातलं एकही शिल्लक नव्हतं. कोऱ्या तुसावर दोन-तीन लाल डाग होते आणि थोरली कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होती. आईनं? स्वतःच्या पोटच्या पिल्लांना? ज्या स्पर्शानं मी हरखले होते, त्याच मऊ देहात हे होतं?

मग मी त्याहून मोठी चूक केली. एकटी पडली म्हणून घाबरली असेल, तिला तिच्या बहिणींत सोडावं, असं मनात आलं. बिरूअण्णांची वाटही पाहिली नाही. तिला जुन्या पिंजऱ्यात सोडलं आणि हात धुवायला वळले. नळ बंद होतो न होतो तोच चित्कार ऐकू आला. तिन्ही माद्या तिच्यावर तुटून पडल्या होत्या! धावत आलेल्या बिरूअण्णांनी बोटांवर चावे सोसत तिला बाहेर ओढलं, पण त्यांच्या तळहातावरच ती गेली. आठवड्यापूर्वी ज्यांच्या कुशीत ती झोपत होती, त्यांनीच तिला फाडलं होतं. बिरूअण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “साबनाचा वास घिऊन आली न्हवं ती. वळखलीच न्हाई तिला कुनी.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! प्रेम केलं होतं हो मी तिच्यावर. पण ते करताना माझंच बाळंतपण डोळ्यांपुढे होतं, तिचं नव्हतंच. आता तीन माद्या आणि नर उरले होते, दिवाळी तोंडावर आली होती, आणि दोघींची पोटं वाढत होती. मी काय केलं? काहीच केलं नाही. तूस बदललं तेही अर्धंच, मळकं अर्धं तसंच राहू दिलं. पिंजरा हलवला नाही, झाकणावर जाडं कापड टाकलं, आणि बिरूअण्णांनी सांगितल्याप्रमाणे दाणा-पाणी ठेवून मुकाट्यानं मागे फिरत राहिले. न पाहण्याइतकं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं!

दहाव्या दिवशी बिरूअण्णांनी कापडाचा कोपरा अलगद उचलला आणि मला खूण केली. दोघी एकाच घरट्यात व्याल्या होत्या. कोणतं पिल्लू कुणाचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. जी घरट्यात येई तिला सारी लुचत होती, आणि तिसरी, न व्यालेली मादी, भरकटलेलं पिल्लू तोंडात धरून परत आणून ठेवत होती. मी तोंडावर पदर धरून रडले. “जगली वं ताई,” बिरूअण्णा म्हणाले, “लय झाली!”

वंश टिकला. जुने चारही वाचले, खोली त्यांचीच राहिली. पिल्लांचे डोळे उघडले, ती दाणे कुरतडू लागली, आणि डॉक्टरबाईंचा निरोप आला की पहिली सहा द्या, जंताची लागण करायची आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? त्यासाठीच तर ही सारी धडपड होती! हत्तीपाय झालेल्या माणसांची दुखणी मी डोळ्यांनी पाहिलेली आहेत; त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. मी सहा पिल्लं वेचली, एकमेकांना बिलगून झोपणारी, आणि त्यांच्याखालचं मळकं तूसही ओंजळभर बरोबर घेतलं. पिंजरा डॉक्टरबाईंच्या हाती देताना माझी बोटं जराही कापली नाहीत. थोरलीनं पिल्लं खाल्ली त्या दिवशी मी किंचाळले होते. या वेळी माझ्या त्या शांत हातांकडे पाहून हादरले, पण किंकाळी काही फुटली नाही.