काढलेला फोटो

तात्यांच्या स्टुडिओत फोटो काढायला गेलं, की ते आधी गिऱ्हाइकाला बाकावर बसवत आणि स्वतः शेजारी चहा प्यायला निघून जात. शिरूर कासारच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या एसटी थांब्यासमोर त्यांचा पत्र्याचा स्टुडिओ होता. मी शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. साडीला इस्त्री केली होती, पावडर लावली होती, नव्या नोकरीचा थोडा ताठाही होता. तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बसा बाई. चेहरा उतरू द्या."

मला वाटलं, मी आजारी दिसते असं त्यांना म्हणायचंय. तसं विचारलं, तर वैतागले. "आजाराचं कावून काढायलात? रस्त्यानं येताना माणूस चेहरा वर धरून येतंय. त्यो दमून खाली आला की मंग आपण काढू."

पत्र्याखाली चटके बसत होते आणि पंखा गिऱ्हाइकासाठी नव्हताच. पावडर ओघळली, ताठा गेला. मी उठून निघून जावं या विचारात होते, तेवढ्यात कॅमेरा वाजला. फोटो हातात आला तेव्हा मी भांडले. ही मी नाहीच म्हणाले. तात्या म्हणाले, "तुमीच हायत. आजून वळख झाली न्हाई, इतकंच." आज घरातल्या सगळ्या फोटोंमध्ये तोच एक मला खरा वाटतो, पण हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

माणूस गोड नव्हता. नवरीच्या आईशी त्यांचं भांडण ठरलेलं, कारण 'जरा हसा' हे शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघाले नाहीत. पुढाऱ्यांना ते दुप्पट दर लावत आणि वर ऐकवत, "तुमचा चेहरा उतरायला लई येळ लागतो." ऊसतोडीला निघालेली कुटुंबं मात्र त्यांच्याकडे आवर्जून येत. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांना भिंतीवर लेकरं हवी असत. ट्रक थांब्यावर उभा असे आणि तात्या कुणावर तरी ओरडत असत, "हलू नको बे, कारखान्यावर जाऊन हल." तसे चिक्कू होते. कॅमेऱ्याच्या रोळमधला एक फोटो वाया गेला तरी दिवसभर धुसफुसत.

त्यांच्या बायकोचं नाव गयाबाई. मूलबाळ नव्हतं. सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाच्या घरात बायकोचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढायची ऐपत नव्हती, आणि पुढे गयाबाईच म्हणायच्या, "गिऱ्हाइकाचा रोळ माझ्यावर नका नासू. रोज बगताच की." तात्यांना ते सोयीचंच होतं. मग कावीळ झाली आणि गयाबाई गेल्या. दहाव्याला पाटावर ठेवायला फोटो नव्हता, म्हणून त्यांचं लुगडं घडी करून ठेवलं होतं. त्यावरून बायका पुष्कळ दिवस बोलत होत्या. तात्यांच्या कानावर ते गेलं नसेल असं मला वाटत नाही.

एक फोटो होता, पण तो तात्यांच्या हातात नव्हता. गयाबाई जायच्या आधी दोनेक वर्षं मोठा दुष्काळ पडला होता. विहिरींचे तळ दिसत होते. आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेने टँकर आणला, जनावरांची छावणी काढली, आणि हे सगळं जगाला कळावं म्हणून तात्यांना फोटो काढायला लावलं. रोळ संस्थेने विकत आणून दिले. म्हणून निगेटिव्ह संस्थेच्या कपाटात गेल्या, बारकेसे फोटो फायलीला लागले. त्यातल्या एका फोटोत टँकरच्या पायरीवर संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, हात वर करून उभे होते. खाली बायांची गर्दी होती. सगळ्या बायांची नजर टँकरच्या नळीवर. डाव्या कडेला कमरेवर हंडा घेतलेली एकच बाई सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, आणि ती भयंकर चिडलेली होती. त्या गयाबाई.

बायको गेल्यावर तात्यांनी ती निगेटिव्ह मागितली. कधी कपाटाची किल्ली नव्हती, कधी सचिव नव्हते. शेवटी उत्तर मिळालं, की ही संस्थेची मालमत्ता आहे आणि बाहेर द्यायची तर ठराव करावा लागेल. तात्यांनी अर्ज दिला. दरवर्षी सर्वसाधारण सभेत लाडू वाटले जात, अहवाल वाचला जाई, सगळं सर्वानुमते मंजूर होई, आणि तात्यांच्या अर्जाचा विषय वेळेअभावी राहून जाई. असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. तात्यांचे केस या काळात पांढरे झाले.

मग संस्थेचा रौप्यमहोत्सव आला. थोरले साहेब वारले होते आणि त्यांचा मुलगा चेअरमन झाला होता. त्याला सगळे भैय्या म्हणत. 'दुष्काळ आणि सहकार' असं फोटोंचं प्रदर्शन संस्थेच्या सभागृहात भरवायचं ठरलं. निवड समितीत भैय्या, सचिव, फोटो काढणारे म्हणून तात्या आणि चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी. तात्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, की मी एक पैसा घेणार नाही. टँकरचा फोटो मोठा करून लावा, आणि प्रदर्शन उठलं की तो माझ्या घरी द्या. भैय्या म्हणाला, "न्या की तात्या. तुमचाच आहे तो." इतकी वर्षं ठराव लागत होता, तो विषय एका वाक्यात मिटला. मला तेव्हा भैय्याचं कौतुक वाटलं.

सतरंजीवर फोटो पसरले आणि निवड सुरू झाली. भैय्या एकेक उचलत होता. ज्यात साहेब दिसतील तो उजवीकडे, नसतील तो डावीकडे. हाडं वर आलेल्या गाईचा फोटो डावीकडे गेला. "छावणीतली जनावरं जरा धष्टपुष्ट बघा," भैय्या म्हणाला. धष्टपुष्ट बैल सापडला, तीन फोटोंत सापडला. तिन्हीकडे तोच होता आणि तो साहेबांच्या गोठ्यातला होता. ट्रकमध्ये चढणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा फोटो तर भैय्याने उलटाच करून ठेवला. पाहुणे विचारतील, संस्था असताना माणसं गाव सोडून का गेली, म्हणून.

तात्या सतरंजीवर पुढे सरकले. मग उजवीकडच्या गठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात सायब हायत. ह्यात बी सायब हायत. मंग दुष्काळ कुठं हाय?"

"आपण सर्वानुमतेच ठरवतोय की तात्या," भैय्या म्हणाला.

"सर्वानुमते म्हंजे तुमीच की."

सचिव खोकले. टँकरचा फोटो निघाला तेव्हा तात्यांनी तो स्वतःच्या हाताने उजवीकडे ठेवला. भैय्याने उचलून पाहिला. साहेब उत्तम आलेत म्हणाला. मग त्याची नजर कडेला गेली. "ही बाई कावून एवढी रागात आहे? साहेबांवर चिडल्यागत दिसतंय."

"सायबावर न्हाई. माझ्यावर," तात्या म्हणाले. "गया हाय ती. सकाळपासून नंबर लावून उभी हुती, अन् मी फोटू काढायलतो. ती काय म्हणायलीय म्हाईत हाय का? 'त्ये ठिवा अन् दुसरा हंडा धरा.' फोटूत आवाज येत न्हाई, म्हणून नुसता राग दिसतोय." मग म्हणाले, "एवढ्या गर्दीत माझ्याकडं ती एकटीच बगायलीय."

भैय्या हसला. "काकू होय? बरं, बरं," म्हणाला आणि फोटो उजवीकडेच ठेवला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. ती बाई कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं, असं कुणी पुढे म्हणू नये.

त्या संध्याकाळी तात्यांनी मला घरी नेलं. भिंतीला नवा चुना दिला होता आणि दारासमोर बरोबर मध्यभागी एक खिळा ठोकला होता. "हितं," तात्या म्हणाले. "दार उघडलं की आधी तिचा राग दिसंल. पहिल्यासारखंच." एवढं बोलून ते चहाच्या भांड्याकडे वळले. मी खिळ्याचं कौतुक केलं. खिळ्याचं काय कौतुक करतात, पण केलं.

निगेटिव्ह मोठ्या करायला बीडला गेल्या. उद्घाटनाच्या दिवशी सभागृहात मंडप, स्पीकर, पाहुणे असा थाट होता. तात्या धुतलेला सदरा घालून आले. गर्दीतून वाट काढत ते टँकरच्या फोटोसमोर गेले, मी मागोमाग. फोटो दारापेक्षा थोडाच लहान होता. टँकरच्या पायरीवर थोरले साहेब हात वर करून उभे, आणि साहेबांना चंदनाचा हार घातलेला. बायांची गर्दी जवळजवळ कापली होती. डाव्या चौकटीला चिकटून एक हंडा उरला होता, आणि त्याच्या काठावर बांगड्या घातलेलं एक मनगट.

गयाबाईंचा चेहरा नव्हता. तात्यांनी चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं, जणू फोटो आत दुमडला गेला असेल आणि उलगडता येईल.

भैय्या पाहुण्यांना घेऊन तिथेच आला. "साहेब उठून दिसावेत म्हणून जरा कट केलाय," तो मला म्हणाला. "सर्वानुमते ठरलं." मी समितीत होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. हे मी तिथेच, पाहुण्यांसमोर म्हणाले. भैय्या म्हणाला, "मॅडम, नंतर बोलू."

तात्या वळले. एवढंच म्हणाले, "काढा फोटू."

त्यांना म्हणायचं होतं, हा फोटो खाली उतरवा. पण भैय्यासोबतच्या माणसांना तात्या फोटोग्राफर असल्याचं माहीत होतं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला चेअरमनबरोबर फोटो हवाय. भैय्याने लगेच तात्यांच्या खांद्यावर हात टाकला, समोरच्याने मोबाइल वर धरला आणि काढलाही. "काढा म्हणलं न्हवं," तात्या पुन्हा म्हणाले. त्या माणसाने अजून एक काढला.

तात्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

पुढे निगेटिव्हसाठी ते एसटीने बीडला गेले. दुकानदार म्हणाला, मोठे केलेले फोटो नेले, पण निगेटिव्ह न्यायला कुणी आलंच नाही, दुकान हलवताना कचऱ्यात गेल्या असतील. फायलीतला बारका फोटोही निगेटिव्हच्याच पाकिटातून बीडला गेला होता. संस्थेत विचारलं, तर प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने आणल्या असतील. यात कुणाचा कट नव्हता. कट असता तर निदान कुणाच्या तरी लेखी तो फोटो महत्त्वाचा होता असं म्हणता आलं असतं.

भैय्याने शब्द पाळला. प्रदर्शन उठल्यावर तो मोठा फोटो दोन पोरांच्या हाती तात्यांच्या घरी पोचवला. काही दिवसांनी मी गेले, तर खिळ्यावर एक विचित्र फ्रेम होती. वीतभर रुंद आणि उभी लांबलचक. आत हंडा आणि मनगट. वर झेंडूचा हार.

"साहेब कुठे गेले?" मी विचारलं.

"बंबात घातले," तात्या म्हणाले. "आंघुळीचं पाणी तापवलं. त्यायनी तिला काढली, मी त्यायला काढलं." मग फ्रेमकडे बघत म्हणाले, "तेवढंच पाणी भेटलं बगा आमाला त्यायच्याकडून."

मी हसले. तात्या हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी स्टुडिओ फारसा उघडला नाही. कुणी आलंच तर म्हणत, "मोबाइलवर काढा. आता चेहरा उतरायची वाट कोण बगतंय."

ते गेले तेव्हा मी लेकीकडे पुण्याला होते. परत आले तोवर दिवस होऊन गेले होते. चौसाळ्याहून त्यांचा पुतण्या येऊन राहिला होता. भला मुलगा. त्याने मला आत बोलावलं, बसायला पाट दिला. दार उघडताच समोर तात्या होते. उद्घाटनाच्या दिवशीचा मोबाइलवरचा फोटो संस्थेतून मागून आणला होता. भैय्याला कापून टाकलं होतं, पण खांद्यावर त्याची अंगठीवाली चार बोटं राहिली होती. चेहरा मात्र उतरलेला, पार खाली आलेला. तात्यांनी स्वतः काढला असता तर असाच काढला असता.

"इथे एक अरुंद फ्रेम होती," मी म्हणाले.

"ती हंड्याची व्हय?" पुतण्या म्हणाला. "कशाची हुती काय म्हाईत. काढून टाकली. त्याच खिळ्याला तात्याला लावलं."