वस्तादांची पिकअप

वस्ताद माझ्या दुकानात बिजागरी घ्यायला आले की ती आधी कानाशी धरायचे. डोळे मिटून उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. जराशी करकरली की ती माझ्या पुढ्यात परत. "शेठ, ही बोलते. खडकाळ रस्त्यावर ही डोकं उठवेल. मला मुकी दे." लोणावळ्याच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. मुकी बिजागरी मागणारं दुसरं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही.

ते हायवेलगतच्या एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी होते. सगळं गाव त्यांना वस्तादच म्हणायचं. लोकांची सुटी ती यांची ड्यूटी; शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, पावसाळा सगळा भट्टीसमोर. "लोक इथे हवा खायला येतात," ते म्हणायचे, "आणि मग हवेनं पोट भरत नाही म्हणून माझ्याकडे येतात." निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी एका फार्महाऊसवाल्याची जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली. तिच्या हौद्यात तोवर शेणखत आणि कडबा वाहिला जात होता. तिला घर करायचं, बायकोला, म्हणजे आमच्या भाभींना, शेजारी बसवायचं आणि रमतगमत बर्फापर्यंत जायचं, असा त्यांचा बेत होता. वाटेत हॉटेलात मुक्काम करायचा नाही, ही पहिली अट. "हॉटेल मी आतून बघितलंय, शेठ."

जवळजवळ वर्षभर ते काम चाललं. हौद्यावर चौकोनी पाइपचा सांगाडा उभा राहिला, त्यावर जाड ताडपत्री. खाली प्लायवूडचा पलंग, त्याच्या पोटात सरकते कप्पे: एकात भांडी, एकात मसाले, एकात फावडं, जॅक आणि गाडी ओढायचा जाड पट्टा. टपावर सोलरची पाटी, सीटमागे दुसरी बॅटरी, बाजूला पाण्याची भली मोठी टाकी. चाकं बदलली, मागचे स्प्रिंगचे पाटे नवे, कडक टाकले. मागचं फळकूट पाडलं की त्याचा ओटा व्हायचा आणि त्यावर दोन चुली बसायच्या. कुणी काहीही सुचवलं की वस्तादांचं एकच उत्तर असायचं: "आणा, जागा करू." माझ्या बायकोने थट्टेत विचारलं, लोणच्याची बरणी कुठे ठेवणार? दुसऱ्या दिवशी बरणीच्या मापाचा खळगा तयार होता.

भाभी मात्र कशालाही लगेच भुलणाऱ्या नव्हत्या. वस्ताद हौशीने एकेक कप्पा ओढून दाखवायचे आणि त्या ओढणी सावरत नुसतं बघायच्या. "विलासभाऊ," त्या एकदा मला म्हणाल्या, "मला बर्फाचं काही नाही हो. यांनी सगळ्या दुनियेला जेवायला घातलं, घरी मात्र मीच रांधलं. गाडीत हे करणार आणि मी बसून खाणार, असं कबूल केलंय. म्हणून चाललेय." केबिनच्या मागच्या काचेत वस्तादांनी सरकती खिडकी बसवली, तीही त्यांच्याचसाठी. थकल्या तर मागे आडव्या होतील आणि तरी बोलणं चालू राहील.

गाडी तयार झाल्यावर पहिली चाचणी कुरवंड्याच्या वरच्या माळाला घ्यायची ठरली. मीही बरोबर होतो. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला. वस्तादांनी ऐटीत लिव्हर ओढून चारही चाकं कामाला लावली आणि पुढच्याच वळणावर गाडी आसापर्यंत चिखलात बसली. वरून गुरं घेऊन एक म्हातारे आबा येत होते. काठीवर हनुवटी टेकवून त्यांनी सगळा तमाशा नीट बघितला.

"कुटं निगालाव वस्ताद?"

"हिमालयात, आबा."

"आन हितंच का थांबलाव मग?"

भाभी इतक्या हसल्या की त्यांना दाराला धरून उभं राहावं लागलं. आबांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर येईपर्यंत वस्तादांनी ओटा पाडून सगळ्यांना कांदाभजी आणि चहा केला. आबा तिसऱ्या घाण्याला म्हणाले, "लय झ्याक. रोज रुतत जावा."

त्या दिवशी परतताना भाभींनी चपला काढून पाय वर घेतले. पाय सुजले होते. चिखलात उभं राहून सुजले असतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

महिनाभरात निदान झालं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती. तळेगावच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं, दिवसाआड. मूत्रपिंड द्यायला वस्ताद लगेच उभे राहिले, पण त्यांच्या साखरेमुळे डॉक्टरांनी नाही म्हटलं. मुलगी मिरजेहून आली, तिचं जुळेना. त्यानंतर एक दिवस वस्ताद दुकानात आले. काही घ्यायचं नव्हतं. बराच वेळ ते खिळ्यांच्या खोक्यातले खिळे बोटांनी सारखे करत राहिले. मग म्हणाले, "शेठ, दोन डायलिसिसच्या मधे माणूस कुठवर जाऊन येऊ शकतो?"

मी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "दापोली होईल."

दापोली झाली नाही. भाभींना मशीनवरून आल्यावर उभं राहवत नसे आणि जरा बरं वाटू लागेपर्यंत पुन्हा जायचा दिवस येई. बर्फ गेला, समुद्र गेला. पवनेच्या काठी संध्याकाळपुरते एकदोनदा जाऊन आले तेवढंच. गाडीत टाकीभर पाणी असायचं आणि भाभींना दिवसाचं पाणी मोजून. वस्ताद त्यांच्यासमोर कधी पाणी प्यायचे नाहीत. स्वयंपाकाचंही तेच. मीठ नावाला. टोमॅटो नको, नारळ नको, बटाटा चिरून, उकळून, ते पाणी फेकून. हजारोंच्या पंगती उठवलेला हा माणूस कपाळावर आठ्या घालून दुधी शिजवायचा. भाभी सगळं संपवायच्या. एकदा मी तिथे असताना वस्ताद ताटाकडे बघत म्हणाले, "हे जेवण नाही गं." भाभी म्हणाल्या, "मी बसून खातेय ना? झालं तर."

गाडी मात्र बदलत राहिली. भाभींना चढता येईना म्हणून वस्तादांनी कप्पे काढले आणि पलंग खाली आणला. मग हात धरायला दांडी आली, पायरी आली, डोक्याशी छोटा पंखा आला. हादरे बसू नयेत म्हणून कडक पाटे काढून पुन्हा जुने मऊ पाटे टाकले. प्रत्येक वेळी काहीतरी घ्यायला ते माझ्याकडे यायचे आणि मी ते द्यायचो. मला दुसरं काही करता येत नव्हतं, आणि त्यांनाही.

जुलैतल्या एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर तळेगावला निघालो. आदल्या फेरीत मशीन बिघडल्यामुळे भाभींचं डायलिसिस अर्धवट झालं होतं. चेहरा सुजला होता, आडवं पडलं की दम लागत होता. मी मागे त्यांना उशांवर टेकवून धरून बसलो. वलवण मागे पडलं आणि गाड्या थांबल्या. धबधबे बघायला आलेल्यांनी जुन्या हायवेच्या दोन्ही बाजू भरून टाकल्या होत्या. येणारे जाणाऱ्यांच्या बाजूला घुसले होते आणि कुणालाच हलता येत नव्हतं. अँब्युलन्सला फोन केला तर ती पलीकडे कामशेतजवळ अडकलेली. आमच्या गाडीची चाकं डोंगर चढणारी, पोट जमिनीपासून हातभर वर, आणि ती कार्ल्याच्या अलीकडे एका आइस्क्रीमच्या गाड्यामागे उभी होती.

वस्ताद खाली उतरले. रस्त्याच्या कडेला भाताची खाचरं होती, नुकतीच लावणी झालेली. पलीकडे गावातला रस्ता दिसत होता. बांधावर एक बाई इरलं पांघरून उभी होती. तिने ताडपत्रीच्या उघड्या बाजूने आत भाभींना बघितलं आणि म्हणाली, "घाला गाडी खाचरातनं. भात काय, परत लावू आमी."

सरकत्या खिडकीतून वस्तादांनी भाभींकडे पाहिलं. भाभींनी मान हलवली, नको. बोलायला त्यांना श्वास पुरत नव्हता. वस्ताद त्या बाईला म्हणाले, "मावशी, घातली असती. पण हिला घेऊन मधेच रुतलो तर काढणार कोण?" तेही खरं होतं. ते परत येऊन स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. मागून मला त्यांची फक्त मान दिसत होती.

तेवढ्यात शेजारच्या गाडीतून एक तरुण उतरला. पिकअपला एक चक्कर मारून खूष होऊन काचेशी आला. "काका, काय सेटअप आहे! स्वतः केलंय? कुठे कुठे फिरता हिच्यातून?"

"तळेगावला," वस्ताद म्हणाले.

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. फोटो काढू का म्हणून विचारत तो मागे आला आणि त्याचा हात तसाच राहिला. भाभींनी त्याही अवस्थेत ओढणी सारखी केली. तो मागे वळला. धावत गेला आणि त्याच्या गाडीतले चौघे उतरले. पावसात भिजत त्यांनी काचा ठोकल्या, हात जोडले, एका आडमुठ्याशी भांडण केलं, गाड्या हातभर हातभर कडेला घ्यायला लावल्या. पुढचे आणखी काही जण त्यांना मिळाले. माणसाच्या चालीने का होईना, आम्ही कार्ला फाट्यापर्यंत आलो आणि तिथून रस्ता सुटला. त्या मुलाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी आम्ही पोचलो. भाभी मशीनवर असताना वस्ताद बाकावर बसून होते. मी चहा आणला तर म्हणाले, "शेठ, हिला कुठेतरी न्यायचं म्हणून गाडी केली आणि ती हिला इथे आणायलाच लागली." मग चहा माझ्याच हातात ठेवून ते आत काचेतून बघायला गेले.

थंडीच्या सुरुवातीला भाभी गेल्या. डायलिसिस व्यवस्थित चालू असताना, हृदय बंद पडून. मिरजेहून मुलगी आली आणि बापाला आपल्याकडे चला म्हणून खूप विनवून परत गेली. गाडी दारात उभीच राहिली. कुणीतरी विकत मागितली तर वस्तादांनी नुसती मान हलवून नाही म्हटलं. एकदा मीच धीर करून म्हणालो, "वस्ताद, आता जाऊन या. आता कुठेही जाता येईल तुम्हाला."

"तेच तर," ते म्हणाले.

उन्हाळ्यात मात्र ते खरोखर निघाले. सकाळी दुकानासमोर गाडी थांबवून फक्त निघतो एवढं सांगायला आले. शेजारच्या चिक्कीवाल्याने खोकं भरून दिलं, माझ्या बायकोने दशम्या दिल्या. त्यांनी सगळं घेतलं. जागा करू असं काही म्हणाले नाहीत. वाटेत अधूनमधून फोन यायचा: धुळं मागे पडलं, राजस्थानात ऊन फार आहे, टायर बदलला. आवाजावरून काही कळायचं नाही.

मग एका दुपारी फोन आला. दुकानात गिऱ्हाइकं होती. "शेठ, पोचलो," वस्ताद म्हणाले. "समोर सगळा बर्फ आहे. नदी आहे. माणूस नाही कुणी." वाऱ्याचा आवाज येत होता. मग लहान मुलासारखं विचारलं, "आता काय करू, सांग."

पुढ्यात एक जण कुलूप हातात धरून भाव विचारत होता. मी विचारलं, "वस्ताद, जेवलात का?"

"नाही अजून."

"मग आधी जेवून घ्या."

"हो," ते म्हणाले. "खिचडी टाकतो. तू फोन ठेवू नकोस."

मी ठेवला नाही. फोन कानाशी धरून कुलूप विकलं, स्क्रू दिले, एकाला रंगाचा डबा काढून दिला. तिकडे ते कांदा चिरत होते, तो आवाज येत होता.