कणकेत घेतलेलं माप

मंगळवारी सकाळी हे गेले. चहा कपात होता. डॉक्टर आले, शेजारी आले, शाळेने सुट्टी दिली. दुपारी न्हावऱ्याहून माझे वडील, आबा, एसटीने आले. ते घरात आले नाहीत. अंगणात गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

त्याच गाडीवरून आबांनी यांना जेवढं छळलं, तेवढं शाळेतल्या कुठल्या पोरानेही छळलं नसेल.

हे शिरूरला हायस्कुलात गणित शिकवायचे, मी वाचनालयात होते. नव्वदनंतरची गोष्ट. पुण्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांकडून यांनी इंग्रजांच्या काळातली विलायती गाडी आणली. आणली म्हणजे टेम्पोत घालून आणली. त्याच आठवड्यात न्हावऱ्याला जाऊन आबांना सांगितलं, "दसऱ्याला आम्ही दोघं गाडीतून येणार."

आबा पानाला चुना लावत होते. "तुम्ही गाडीत, का गाडी टेम्पोत?"

ओट्यावर चारचौघं हसले. यांच्या ते वर्मी लागलं. "दसऱ्याला गाडीनंच येईन. नाहीतर भंगारात देईन," असं हे तिथेच बोलून बसले. घरी येईपर्यंत त्यांना पश्चात्ताप झाला होता, पण बोललेलं बोललं होतं.

गाडी सुरू व्हायची. मेकॅनिकने आतलं तेल पाहिलं तर ते काकवीसारखं झालेलं. "सर, ह्या तेलावर न्हावऱ्याला निघालात तर इंजिन वाटंतच बसंल." तेल बदलायचं तर इंजिनाच्या तळाचा बोल्ट उघडायला हवा. शिरूरच्या दुकानांत सगळे पाने मिलिमीटरचे, आणि गाडी इंचातली. एक पाना बसेना, त्याच्या पुढचा गरागरा फिरे. बोल्ट खोबणीत असल्याने कमी-जास्त होणारा स्क्रू पाना आत शिरेना. मेकॅनिक म्हणाला, छिन्नी लावू. यांनी त्याच्या हातातून छिन्नी काढून घेतली, त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी सांगितलं, दौंडला जा. तिथली रेल्वेची वाफेची इंजिनं गेली, पण त्यांची हत्यारं भंगाराच्या दुकानांत अजून मिळतात. मग हे कंपासपेटीतली पट्टी घेऊन गाडीखाली शिरले आणि काळे होऊन बाहेर आले. "साडेसहा सूत," म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हेही मला समजावून सांगितलं. मी पोळ्यांची कणीक मळत होते. म्हटलं, पट्टीचा भरवसा काय, एक ठसाही घेऊन ठेवा. कणकेचा गोळा बोल्टवर दाबून घेतला आणि डब्यात ठेवला.

शिरूरहून दौंडला जाणारी आमची एसटी न्हावऱ्यावरून जायची. थांब्यासमोरच्या दुकानात आबांची रोजची बैठक. गाडीवाला जावई एसटीत दिसला असता तर संपलंच. गाव जवळ आलं तशी यांनी मला खिडकीपासून उठवलं, स्वतः तिथे बसले आणि तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं.

"तू खाली वाक. काहीतरी पडलंय असं कर."

"काय पडलंय म्हणू?"

"काहीही पाड."

मी कंगवा पाडला. तो मागच्या बाईंनी लगेच उचलून दिला, म्हणून पुन्हा पाडला.

दौंडच्या दुकानातल्या चाचांनी डबा उघडला. कणीक वाळून, आक्रसून तडकली होती. "भाभी, हे आधी तव्यावर टाका. माप मग बघू." मग त्यांनी ढिगातून एक पाना काढून यांच्या हातात दिला. "लावून बघा."

यांनी पाना बघितलाच नाही, त्यावरचा आकडा वाचला. "सात भागिले सोळा. म्हणजे साडेतीन सूत. मला साडेसहा पाहिजे. हा जवळजवळ निम्मा आहे, चाचा."

"सर, आकड्याला नका लावू. बोल्टला लावा."

पण हे ऐकतात कसले! आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. येताना कंगवा पुन्हा पडला.

दसरा जवळ आला. दुसऱ्यांदा साबणात ठसा घेतला, तर तो एसटीच्या धक्क्यांनी दुभंगला. चाचांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले आणि नुसतंच आमच्याकडे बघितलं. मी हळूच विचारलं, "सगळेच पाने घेऊन जाऊ या का? बसेल तो ठेवू, बाकीचे आणून देऊ." एखाद्या मुलाने चारही पर्यायांवर खूण केल्यावर त्याच्याकडे पाहावं तसे हे माझ्याकडे पाहू लागले. चाचांनी मात्र तोवर पोतं शोधलं होतं.

परतीच्या एसटीत ते पोतं यांच्या पायाशी होतं. प्रत्येक खड्ड्याला खणखणायचं. कंडक्टर म्हणाला, "सर, शाळंत आता लोहारकी बी शिकवता का?" न्हावरं आलं, वर्तमानपत्र वर गेलं, मी खाली वाकले. वर झाले तेव्हा शेजारी आबा उभे होते. त्यांना शिरूरला काम होतं.

आबा थोडा वेळ वर्तमानपत्राकडे बघत राहिले. "जावईबापू, पेपर कालचा हाय. माझा वाचून झालाय."

यांनी पेपर खाली घेतला.

"गाडी कुठं हाय?"

तेवढ्यात खड्डा आला. पोतं खणखणलं. हे म्हणाले, "ही काय. थोडी थोडी करून नेतोय."

सगळी एसटी हसली. सर्वांत जास्त आबा. शिरूरला उतरताना पोत्याचं एक टोक त्यांनीच धरलं.

त्या संध्याकाळी हे गाडीखाली आणि आबा पाटावर. हे आतून आकडे सांगायचे, मी पाने द्यायची. साडेसहा सुताच्या आसपासचे सगळे झाले. एकही बसला नाही. मग आबांनी पोत्यात हात घालून हाताला लागेल तो काढून दिला.



"बसला का?" मी विचारलं.

"बसला. आधी यावरचा आकडा वाच बरं." पाना बाहेर आला.

"सात भागिले सोळा."

"नीट वाच."

"नीटच वाचलाय."

पुढे यांनी कुठूनतरी शोधून काढलं, की त्या काळच्या विलायती पान्यांवर बोल्टच्या दांड्याचं माप लिहीत, डोक्याचं नाही. "म्हणजे माझं माप बरोबरच होतं," हे शेवटपर्यंत म्हणत राहिले. आबांनी निकाल दिला, "माप बी बरूबर व्हतं, पाना बी बरूबर व्हता. दोघांचं बोलणं न्हवतं, एवढंच."

दसऱ्याला आम्ही गाडीने न्हावऱ्याला गेलो. सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. यांनी गाडी घरी नेली नाही, आधी थांब्यावर उभी केली आणि हॉर्न वाजवला. दुकानात आबा होते. त्यांनी मान वर केली, गाडी पाहिली, यांना पाहिलं. मग शेजारच्याच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि स्वतःच्या तोंडापुढे धरलं.

बाकीचे पाने यांनी चाचांना परत केले. तो एक ठेवला.

गाडी आता नाही, विकली; एकजण ती चालवत घेऊन गेला. पाना कणकेच्या डब्यामागे असतो. न्हावऱ्याला मी एसटीने जाते. खिडकीपाशी बसते. आबा थांब्यासमोर असतात.