आमच्या साडूंचा राग

आमच्या थोरल्या साडूंइतका मवाळ माणूस पनवेलमध्ये दुसरा नसेल, आणि पुढारी निवडण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका जहालही सापडायचा नाही. एसटी स्टँडाबाहेर रिक्षाचं चाक पायावरून गेलं, तर हे रिक्षावाल्यालाच "तुम्हाला लागलं नाही ना?" म्हणून विचारतात. रांगेत मागून कोणी "जरा घाईत आहे हो" म्हणालं की लगेच बाजूला सरकतात. त्यामुळे सकाळी सर्वांत पुढे उभे असलेले आमचे साडू दुपारी शेवटून दुसरे सापडतात. हॉटेलात इडली मागवली आणि वडा आला, तर वडा खातात. एकदा वेटरला बोलवायला मी हात वर केला, तो त्यांनी खाली ओढला. "राहू द्या हो. त्यानं काही विचार करूनच आणला असेल."

पण निवडणूक लागली की हाच गृहस्थ सभेत पहिल्या रांगेत. उमेदवार जितका तोंडाळ, तितकी यांची भक्ती दांडगी. पक्षाचं त्यांना सोयरसुतक नाही. एसीत बसणारे साहेब, इंग्रजी झाडणारे तज्ज्ञ, बडी धेंडं, या सगळ्यांची जो व्यासपीठावरून सालटी काढील तो आपला. मी बँकेतला अधिकारी, रोज अग्रलेख वाचणारा. त्यांना शहाणं करणं मी माझं कर्तव्य समजत असे. "अहो, हा माणूस नुसता शिव्या देतो. करणार काय ते सांगतच नाही," असं मी एकदा म्हणालो, तेव्हा ते ओशाळवाणं हसले.

"करत कोणीच नाही हो. आयुष्यभर केबिनबाहेर उभा राहिलो. आतून 'उद्या या' आलं की 'बरं साहेब' म्हणून परत फिरलो. मला चिडता येत नाही. हा निदान माझ्या वतीनं चिडतो तरी."

त्यांचा तो उमेदवार नगरसेवक झाला. पुढे त्यांच्या सोसायटीचं पाणी गेलं. साडू खेटे घालून दमले, तेव्हा एका सकाळी नगरसेवक पाणीखात्याच्या इंजिनिअरलाच घेऊन दारात हजर! मीही तिथं होतो. गर्दी जमली, मोबाइल वर झाले. "लाज वाटते का? एसीत बसून गरिबांना खेळवता?" नगरसेवक गरजला. टाळ्या पडल्या. साडूंचा चेहरा असा फुललेला मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता.

इंजिनिअर पन्नाशीचा. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. प्रत्येक वाक्याला खाली मान घालून "बरं साहेब" म्हणत होता. ते ऐकता ऐकता साडूंच्या टाळ्या थांबल्या. ते जिना चढून गेले आणि एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात भरलेला तांब्या घेऊन खाली आले. घरात पाण्याची एकच कळशी उरली होती, हे मला ठाऊक होतं.

"बसा हो. पाणी घ्या."

"काका, ज्यानं तुमचं पाणी तोडलं त्यालाच पाणी पाजताय?" नगरसेवक म्हणाला. लोक हसले.

साडू हळूच म्हणाले, "तुम्ही चिडावं म्हणूनच मत दिलं, साहेब. पण पाणी कधी येणार, ते विचारायचं राहिलंच."

व्हॉल्व्ह बदलला की उद्या येईल, असं इंजिनिअर पुटपुटला. पाणी आलं तिसऱ्या दिवशी. पण सोसायटीतली माणसं साडूंशी महिनाभर धड बोलत नव्हती. सर्वांसमक्ष आपल्याच माणसाचा पाणउतारा केला म्हणून. साडू मात्र जिन्यात भेटेल त्याला हसून नमस्कार करत राहिले.

यंदा पुन्हा मतदान झालं. बोटाला शाई लावून ते बाहेर आले, तेव्हा मी मोठ्या खात्रीनं विचारलं, "या खेपेला तरी सभ्य माणसाला दिलंत ना?"

"नाही हो. त्यालाच दिलं."

"अहो, पण त्या दिवशी..."

"त्या दिवशी तो चुकलाच. पण आमच्या दारात आला तरी होता." मग मला वाईट वाटू नये अशा बेतानं हळूच म्हणाले, "तुमचा सभ्य माणूस कुठं होता हो?"

वडाळे तळ्याच्या काठानं आम्ही परत निघालो. पाठीमागे हात बांधून ते माझ्यापुढे चार पावलं सावकाश चालत होते, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत होते.