जावळाचा फोटो

ती गोष्ट आजबी आठवली की मी पोरीला जवळ वडते. तवाचं पोलीस ठाण्यातलं साहेब आता रिटायर झाल्यात, नोकरीतल्या केसी लिहून काढाय लागल्यात. ह्या केसपाशी आले तवा मला बोलावून घेटलं आणि म्हणले, "मी लिहिलं तर पंचनामा हुईल. तू ठाण्यात जसं बोललीस तसंच लिही. नाव कुणाचं घालू नको." माझी शाळा नववीतनं सुटली, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमी वडगावातलं. नवरा लूमवर साड्या विणतोय. पोरगी झाल्यावर मी बेळगावात एका हापिसात लागले. काम काय, तर लहान दुकानदारांना वेबसाइट विकायची. विकायची म्हणजे भाड्यानं द्यायची. महिन्याला ठरल्यालं भाडं द्या, बनवणार आमी, फोटो बदलणार आमी, बंद पडली तर चालू करणार आमी. भाडं थांबलं की वेबसाइट बंद. शिंपी, खाणावळ, साडीवालं, सगळ्यांच्या पायऱ्या मी चढले, पार निपाणीपातूर. तिथं एक भडंगवालं आप्पा हुतं, ते म्हणलं, "पोरी, तुझ्या मोबाईलातनं माझ्या भडंगाचा वास येतोय व्हय?"

मी म्हणलं, "वास न्हाय येत आप्पा, पण तुमच्या दुकानाची वाट घावतीया."

"वाट घावाय मी काय हरवलोय?" म्हणून लई हसलं, पण घेटली.

सगळीच अशी घेत न्हाईत. लोकांना वेबसाइट म्हणजे काय कळायचंच न्हाय, खरं सांगायचं तर मलाबी कळत नव्हतं. तवा मालक म्हणले, "अक्का, तुमच्या घरच्या कार्यक्रमाची नमुन्याची वेबसाइट बनवू, ती दाखवत जावा." माझ्या पोरीचं जावळ नुकतंच झाल्यालं. मालकबी जेवाय आल्ते, हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, दोनदा मागून घेटली. मी जावळाचं फोटो दिलं, त्यांनी माझ्याच मोबाईल नंबरावर वेबसाइट बनवून दिली. वर पोरीचं नाव, खाली टक्कल केल्याली माझी पोर, डोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक. दुकानात उघडून दाखवली की आतनं बायका यायच्या, "अगं बाय, कसली गोड हाय!" म्हणायच्या, आणि दुकानदाराला न्हाय म्हणता यायचं न्हाय.

असं दोन-तीन महिनं गेलं. एक दिवस सकाळी संकेश्वरची मावशी रिक्षातनं उतरली. हातात दोन शहाळी, डोळं सुजल्यालं. दारातनंच सुरू, "आमी काय मेलोतो व्हय गं? एवढं झालं आणि एका शब्दानं कळवलं न्हाईस!"

मला वाटलं नवऱ्याचा हात लूमात गेला. "मावशी, कुणाला काय झालंय?"

तिनं मोबाईल पुढं केला. मोबाईलात माझी पोर. टक्कल केल्याली, तोंड वाकडं करून रडत्याली. वर मोठ्या अक्षरात, चिमुकल्या सईला वाचवा, रक्ताचा कॅन्सर हाय, आईबाप गरीब हाईत, उपचाराला मदत करा. खाली स्कॅन करून पैसं पाठवायचा चौकोन. सई माझ्या पोरीचं नाव न्हाय. आणि माझी पोर तिथंच उंबऱ्यात बसून चुरमुरं खाईत हुती, डोक्यावर बोटभर केस आल्यालं.

मावशी एकदा मोबाईल बघतीया, एकदा पोरीला बघतीया. "मंग ही कोण?"

"हीच ती."

"मंग कॅन्सर?"

"न्हाय गं मावशी, कायच न्हाय तिला!"

"अगं, मी पैसं पाठवलं की!"

सासूनं पयलं मीठ-मिरच्या आणल्या, पोरीवरनं उतरून शेगडीत टाकल्या. ठसका कुणालाच येईना, तवा ती आणखीनच घाबरली. म्हणली, लई मोठी दिष्ट हाय. मी मालकाला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. हापिसात जाऊन बघावं म्हणून चप्पल घालतीया, तवर दारात पोलीस. एक बाई, एक बाप्या. तक्रार आलीया म्हणले, चला.

मी पोरीला कडंवर घेटलं आणि तशीच गेले. ठाण्यात आदी नाव, गाव, वय, शिक्षण लिहून घेटलं. मंग मोबाईल घेटला, पाकिटात घालून वर नंबर टाकला. पोलीसबाईनं कन्नडमधनं विचारलं, "मगु यारदम्मा?" पोरगी कुणाची म्हणून. मी म्हणलं, "नंदे, मॅडम." माझीच.

मंग साहेब आले. खुर्ची वडली, बसले, आवाज कायम खालीच.

"ह्या वेबसाइटला नंबर कुणाचा?"

"माझा."

"जावळाच्या वेबसाइटच्याच पोटात हे कॅन्सरचं पान बनवलंय. ठावं हाय?"

"न्हाय साहेब."

"जावळाचं फोटो कुणी दिलं?"

"मीच."

"पोरगी तुझी, नंबर तुझा, फोटो तू दिल्यालं. मी कोर्टात काय सांगू? वाऱ्यानं झालं म्हणू?"

मी मालकाचं नाव सांगितलं. साहेब म्हणले, हापिसाला कुलूप हाय, भाडेकरारावर नाव दुसऱ्याचंच, पैसं जात्यात ते खातंबी भलत्याच माणसाचं. "घावतीयास ती तू एकटी. खरं सांगितलंस तर बरं हुईल. न्हायतर पोर सासूकडं द्यायची तयारी ठेव."

पोर अजून अंगावर पित हुती. मला आत घातलं तर हिला कोण पाजणार, दुसरं कायच डोक्यात येईना. आजवर कुणाला सांगितलं न्हाय ते लिहिते. "व्हय, मीच केलं" असं माझ्या तोंडावर आल्तं. आपण कबूल केलं तर तरी घरला सोडतील, असं वाटाय लागल्यालं. साहेब नंतर मला म्हणले, अशी कबूल झाल्याली माणसं मी बघितल्यात.

साहेबांनी त्या पानाचा छापल्याला कागद पुढं सारला. "ओळख पटव. हीच पोरगी ना? खाली सही कर."

मी पेन घेटला, वाकले, आणि पयल्यांदाच तो फोटो नीट बघितला. तोवर नुसती बिमारी वाचत हुते, पोरीला बघितलंच नव्हतं.

"साहेब, ह्यो फोटो माझा न्हाय."

"पोरगी तुझी, आणि फोटो तुझा न्हाय?"

"न्हाय. मी दिल्याल्या सगळ्या फोटोत डोक्यावर स्वस्तिक हाय. मोकळ्या डोक्याचा फोटो कुणाला देऊ नको म्हणून सासूनं बजावल्यालं."

"पुसलं असंल कंप्युटरवर."

"पुसलं असंल साहेब, पण हितं बघा की, मानंवर. बारीक केस चिकटल्यात. वस्तरा फिरल्यावर आत्यानं तिला लगीच आंघोळीला नेलं, मंग स्वस्तिक काढलं, मंग ओवाळलं. ह्यो फोटो आंघोळीच्या आदीचा हाय. तवा मी फोटो काढलाच न्हाय. पोर मामाच्या मांडीवर वरडत हुती आणि मी तिचं दोन्ही हात धरल्यालं. आणि कॅन्सरनं केस गेल्याल्या पोरीच्या मानंवर कातरल्यालं केस कुठनं येतील?"

साहेबांनी कागद उचलला, खिडकीपाशी नेला, चष्मा वर करून बघत राहिले. पोलीसबाईबी उठून गेली. ती लेकुरवाळी असणार, तिला साहेबांच्या आदी दिसलं.

"मंग कुणी काढला?"

"ठावं न्हाय. पण आमच्या ह्यांनी व्हिडिओ केल्ता."

नवऱ्याला लूमवरनं तसंच आणलं, केसात सुताचा फुफाटा. त्याच्या मोबाईलात व्हिडिओ हुता. साहेबांनी लावला. न्हावी वस्तरा पुसतोय, सासू "झालं झालं" म्हणतीया, पोर बेंबीच्या देठापासनं रडतीया, आणि मामाच्या खांद्यावरनं वाकून, मोबाईल पोरीच्या तोंडाफुडं धरून, मालक. आवाजबी स्वच्छ आल्ता. "रडू दे, रडू दे. भारी येतोय."

साहेबांनी तेवढंच परत परत लावलं. त्या दिवशी त्या बोलण्यावर आमी सगळी हसलोतो. मीबी हसलेते.

मला सही न करता घरला सोडलं. मालक चार दिवसांनी गावाकडं सासुरवाडीत घावला. साहेबांनी सांगितलं, आदी म्हणत हुता, ती बाईच लबाड हाय, पोरीला पुढं करून दुकानदार गटवायची. साहेबांनी काय न बोलता व्हिडिओ लावला. स्वतःचा आवाज ऐकल्यावर त्यानं पाणी मागिटलं. त्याच्या मोबाईलात आमच्या हापिसातल्या दुसऱ्या बायकांच्या पोरांचं फोटो निघालं. एकीच्या पोराचा प्लास्टरातला हात, एकीचं काविळीत पिवळं पडल्यालं बाळ. नमुन्याच्या वेबसाइटीला म्हणून आमीच बोलावल्यालं त्याला घरात, पाट मांडून वाढल्यालं. माझ्या पोरीवर सईचं पान चालू हुतं, दुसऱ्या कुणाच्या पोरावर आरव असल्या खोट्या नावाचं चालू हुणार हुतं.

मला साक्षीदार केलं. साहेब म्हणले, "एवढी वर्षं माणसाची तोंडं वाचली. तुझं तोंड बघून मला वाटलं, घावली. घाबरल्यालं माणूस आणि गुन्हा केल्यालं माणूस एकसारखंच दिसतंय. माझ्या लक्षात यायला तुझ्या पोरीची मान बघावी लागली."

मी काय शिकले ते मला साहेबांसारखं एका वाक्यात सांगता येत न्हाय. मी ज्या ज्या दुकानात गेलते तिथं परत गेले, एकेकाला सांगितलं. कुणी पाणी दिलं, कुणी दारातनंच हाकललं. दुकानाची पाटी लोकांनी बघावी म्हणून असती, ते खरं हाय. पण मी पाटी म्हणून पोर दाखवत हिंडले. फसवलं त्यानं, पण दाखवत हिंडले मी.

जबाब पुरा द्यायला परत ठाण्यात गेले, तवा साहेबांनी एक फोन लावून माझ्या हातात दिला. तक्रार देणारी बाई, सोलापूरकडची शाळामास्तरीण. तिनं पैसं पाठवल्यालं, आणि मंग पोरगी कशी हाय म्हणून पानावर लिहिल्याल्या दवाखान्यात फोन केल्ता. अशी पोरगीच न्हाय म्हणल्यावर ती पोलिसात गेली. मला वाटलं आता शिव्या देणार.

"मुलगी बरी आहे ना?" तिनं विचारलं.

"बरी हाय बाई. तिला काय झालंच नव्हतं."

मंग ती म्हणली, "मी रोज दिवा लावताना तिचं नाव घेते हो. सई म्हणून. आता ते बंद करू का?"

"नको बाई, घ्या. पण तिचं नाव सई न्हाय."

"मग खरं नाव सांगा."

मी साहेबांकडं बघितलं. ते कागद चाळत बसले. मी तिला नाव सांगितलं. हितं लिहीत न्हाय.