निम्म्या गुळाची पोळी

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पुरणपोळी खात होतो. डॉक्टरांनी मला गोड बंद केलेलं, म्हणून तिनं नेहमीसारखी माझ्या ताटातली निम्मी मोडून घेतली.

शेजारी एक आचारी राहतो. चव घेताना डोळे मिटतो, बिघडलं असलं तर कान खाजवतो. वर्षश्राद्धाला मी त्याला म्हणालो, "पुरणात गूळ कमी घाल रं. तिच्या नावाचा घास मलाबी खायचा हाय."

"आवं तात्या, हा उसाचा मुलूख. तुमची मेव्हणी म्हणंल, बहिणीच्या नावानं गूळबी जड झाला."

तरी त्यानं गूळ निम्म्यावर आणला. गोडी भरून काढायला लाल भोपळा उकडून फडक्यात पिळला, डाळीबरोबर आटवला. जायफळ घालून डोळे मिटले. कान खाजवला नाही.

पंगतीत मेव्हणीनं पहिला घास घेतला. "अक्काच्या हातची लागती की," म्हणाली, आणि अजून एक मागितली. मी अख्खी पोळी खाल्ली. आचारी लांबून बघत होता, लय खूश.

दुसऱ्या सकाळी त्यानं उरलेली पोळी तव्यावर गरम करून मला वाढली आणि माझ्या ताटातली निम्मी मोडून स्वतः खाल्ली. म्हणाला, "गूळ कमी हाय तात्या, संपलेला न्हाई."